पहाटे बोटांना मुंग्या येतात तेव्हा

मी नागपूरच्या सक्करदऱ्यात मडक्यावरच्या लांब रोट्या करून विकते. वय ४४. चार महिन्यांपासून पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. झटकला की बरं वाटतं. रक्त कमी झालं असेल का?

ताई, हात झटकून आराम पडतो, ही बहुतेक कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या दुखण्याची खूण आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या ९ कंडरा जातात आणि त्यांच्याच दाटीत मीडियन नस असते. ही रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू. जागा कमी पडली की नस दबते. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं, म्हणून त्रास रात्रीचा. करंगळी तेवढी मोकळी आणि अंगठ्याकडची बोटं बधिर असतील, तर शंका पक्की धरा आणि एकदा तपासून घ्या. शुगर आणि थायरॉईडही बघा.

उपचार रात्रीपासून सुरू होतो. मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट झोपताना बांधा, आवळून नको, निदान ६ आठवडे रोज. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो काढून ठेवणारे मी फार पाहिले आहेत. तसं करू नका. दिवसातून तीनदा बोटं सरळ, मग आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, असं सावकाश ५-५ वेळा करा. मुंग्या वाढल्या तर थांबा. चेंडू दाबायचा सल्ला कोणीतरी देईलच, पण या दुखण्यात मी तो देत नाही, कारण जोरात मूठ आवळली की बोगद्यातला दाब वाढतो. सैल कणीक आपटण्याचं काम एका बैठकीत उरकू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला अर्धा वाटा द्या.

सातवा महिना आहे, दोन्ही हात बधिर होतात. बाळाला धोका?

नाही. अंगावर पाणी धरल्याने नस दबते. रात्री स्प्लिंट बांधा. बाळंतपणानंतर बहुतेकींचं हे आपोआप ओसरतं. दुखण्याची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेही. शर्टाची बटणं लागत नाहीत, अंगठ्याखालचा उंचवटा खोल गेलाय. फिजिओथेरपीचे किती सेशन लागतील?

आधी सेशन मोजू नका. स्नायू झिजू लागलाय, म्हणजे नस बराच काळ दबलेली असावी. व्यायामाने ती मोकळी होईल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. याच आठवड्यात मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात न्या आणि नसेची तपासणी करून घ्या. ऑपरेशन ठरलं तर बोटांची हालचाल आणि व्रण मऊ करणं, यासाठी त्यांना आमच्याकडे फिजिओथेरपीला जरूर आणा.