पीसी इंजिनवरचे शूटर: सुरुवात कुठून करावी

मित्रा, पीसी इंजिन मिनी, म्हणजे पीसी इंजिन या जुन्या गेम मशीनची छोटी नवी आवृत्ती घेतलीस, फार छान केलंस! मूळ मशीन १९८७ मध्ये जपानात आलं आणि पत्त्याएवढ्या पातळ कार्डावर गेम मिळायचे. माझ्या मते याच्याइतके चांगले शूटर, म्हणजे विमान चालवत गोळ्या झाडायचे गेम, त्या काळच्या दुसऱ्या घरगुती मशीनवर क्वचितच सापडतील.

पण लगेच आर-टाइप या अवघड शूटरला हात घालू नकोस. सगळे तिथूनच सुरू करतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. आधी सोल्जर ब्लेड खेळ. त्यात दोन आणि पाच मिनिटांचा स्कोअर मोड आहे. रोज जेवणाआधी दोन मिनिटांचा एक डाव टाक. नजर शत्रूवर नाही, गोळ्यांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवायची, हे तिथे आपोआप अंगवळणी पडतं.

मग आर-टाइप. मेलास की त्याच टप्प्यात मागच्या एका ठरलेल्या जागेवर परत, त्यामुळे पाठांतर हवंच. पहिल्या टप्प्याच्या शेवटी जो राक्षस येतो, त्याच्या पोटातून एक जीव डोकं बाहेर काढतो. मारा फक्त तिथेच लागतो. बटण दाबून धरून किरण पूर्ण भरू दे आणि तो बाहेर आला की सोड. विमानाच्या पुढे जोडलेला गोळा सुटा करून थेट त्याच्या अंगावरही पाठवता येतो. मला हे कळायला कित्येक संध्याकाळी लागल्या.

गेट ऑफ थंडर हा शूटर मात्र रात्री खेळ, आवाज मोठा करून. गिटार ऐकच!