आईला रुमॅटॉइड आर्थरायटिस (सांध्यांचा वात) आहे आणि सीपीके, म्हणजे स्नायूतलं जे एन्झाइम रक्तात मोजतात ते, फक्त 22 आला. घाबरायचं कारण आहे का?

नाही. रुमॅटॉइडच्या आणि ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंटचा सीपीके खालच्या अंगाला येणं नेहमीचं आहे. हालचाल कमी, स्नायू सुकलेले, त्यात स्टेरॉइड चालू असेल तर आणखी खाली. त्यासाठी वेगळी गोळी नसते. भीती असते ती सीपीके चढण्याची, आणि त्याहून जास्त तो वेळेवर न तपासण्याची. मी सोलापुरात लॅबमध्येच काम करतो, पण हे घरातलं सांगतोय.

आमची अक्का विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर जमिनीवर बैठक. दिवाळीनंतर तिला बसल्या जागेवरून उठता येईना, भिंत धरून उठायची. मग वेणी घालायला हात वर जाईना. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मात्र आमच्याबरोबर चालत फिरली, आणि दाजींनी ठरवून टाकलं की कामाचा कंटाळा आलाय, नाटक करते. अहो, सपाटीला चालता येतं पण उठताना, जिना चढताना, डोक्यावर हात नेताना अडतं, हीच तर मांड्या-खांद्यांचे स्नायू गेल्याची खूण!

पेठेतल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरसाठी बघतात ती दोन्ही एन्झाइम वाढलेली. झालं, कावीळ! तेल-तूप बंद, लिव्हरच्या गोळ्या, वर दाजींनी गावाकडून झाडपाला आणला. ही दोन्ही एन्झाइम स्नायूतही असतात. स्नायूच्या पेशी फुटल्या की तिथूनही रक्तात उतरतात. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन नॉर्मल, लिव्हरचं दुसरं एन्झाइम जीजीटी नॉर्मल, एसजीपीटीपेक्षा एसजीओटी जास्त. यात लिव्हर आलं कुठून? मी म्हटलं, सीपीके करू. दाजी म्हणाले, तू डॉक्टर आहेस का?

शेवटी मीच सॅम्पल घेतलं. 4,000 च्या वर. बायकांत तो साधारण पावणेदोनशेच्या आत असतो. पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या सांध्यांवर तांबडे खवलेदार उंचवटे होते, त्याला सगळे तंबाखूची ॲलर्जी म्हणत होते. वाताच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे स्नायू आणि कातडी दोन्हींना सूज आणणारा आजार. स्टेरॉइड, मग मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी). आकडा लवकर उतरला, ताकद यायला मात्र महिने गेले. मध्येच पुन्हा मांड्या गळाल्या, तेव्हा सीपीके नॉर्मल! या वेळी मांड्या गळणं हा स्टेरॉइडचाच प्रताप होता. डॉक्टरांनी डोस उतरवल्यावर सावरली.

तर तुमच्या 22 कडे बघत बसू नका. आई हात न टेकता खुर्चीतून उठते का ते बघा. गुडघा दुखतो म्हणून उठता येत नाही आणि दुखत नसतानाही मांडीत जोरच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर सीपीके कितीही चांगला येवो, डॉक्टरांना सांगा. डर्मॅटोमायोसायटिसमध्येही कधीकधी सीपीके नॉर्मल येतो. उलट, चढला म्हणजे हाच आजार असंही नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, मंदावलेला थायरॉइड, अंगमेहनत, दंडात किंवा कमरेत घेतलेलं इंजेक्शन, सगळ्यांनी वाढतो. आणि हे वाचून आईचं स्टेरॉइड परस्पर बंद करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं.

बाकी घरात कुणी 'मला कळतं' म्हणणारं असेल तर रिपोर्ट त्यांच्या हातात देऊ नका. आमचे दाजी अजूनही लग्नकार्यात सांगतात की अक्काची कावीळ झाडपाल्याने उतरली. मग दर रविवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या स्वतः मोजून तिच्या हातावर कशाला ठेवता, हे विचारलं की जेवणाची पंगत बसली का ते बघायला जातात.