एल्बेवरची पहिली भेट कोणती?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीतील एल्बे नदीच्या मोडक्या पुलावर अमेरिकन आणि रशियन सैनिक हस्तांदोलन करत असल्याचे छायाचित्र अनेकदा पाहिले आहे. दोन्ही सैन्यांची पहिली भेट तीच का?

उत्तर : नाही. ते छायाचित्र जर्मनीतील टोरगाव येथे २६ एप्रिल १९४५ रोजी छायाचित्रकारांसाठी मुद्दाम घडवून आणलेल्या प्रसंगाचे आहे. खरी पहिली भेट आदल्या दिवशी दुपारी, एल्बे नदीच्याच काठी पण बरीच वरच्या अंगाला, स्ट्रेला गावाजवळ झाली. तेथे अमेरिकन लेफ्टनंट कोत्झेब्यू मोजक्या सैनिकांसह होडीने पैलतीरी गेले. मात्र काठावर नागरिकांची प्रेते पडलेली होती आणि वरिष्ठांना कळवलेले ठिकाणही चुकले, त्यामुळे या भेटीचा गाजावाजा झाला नाही.

त्याच दिवशी टोरगावात पोहोचलेल्या अमेरिकन लेफ्टनंट रॉबर्टसन यांच्या तुकडीत जीपमधले अवघे चार जण होते. परस्परांना ओळखण्यासाठी अमेरिकनांनी हिरवे आणि रशियनांनी लाल अग्निबाण सोडायचे ठरले होते; पण रॉबर्टसन यांच्याजवळ ते नव्हतेच. मग औषधाच्या दुकानातील रंगपूड वापरून त्यांनी एका चादरीवर अमेरिकेचा झेंडा कसाबसा रंगवला आणि तो किल्ल्याच्या बुरुजावरून फडकावला. तरीही पलीकडून गोळीबार झालाच! अखेर जर्मनांच्या कैदेतून सुटलेल्या एका रशियनाने आपल्या भाषेत ओरडून सांगितले, तेव्हा बंदुका थांबल्या आणि रॉबर्टसन कोसळलेल्या पुलाच्या लोखंडी तुळयांवरून सरपटत पुढे गेले.