लॉकडाऊनमध्ये काढलेल्या आकाशाच्या फोटोंचं काय करता येईल?

त्या काळातले शेकडो फोटो मोबाईलमध्ये आहेत, सगळे सारखेच दिसतात, ठेवू की डिलीट करू, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून डिलीट करू नका. ते सारखे दिसतात म्हणूनच त्यांतून काही घडू शकतं.

25 मार्च 2020 ला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला. मी नुकताच पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो होतो, म्हणून घरच्यांनी मला वावरातल्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, वेगळं ठेवलं. आई धुऱ्यावर डबा ठेवून लांबूनच बोलायची. दुपारी बाजेवर पडल्या पडल्या कडुनिंबाच्या शेंड्यावरचं आभाळ तेवढं दिसायचं, त्याचेच फोटो काढत गेलो. घरात घेतल्यावरही त्या जागेवर जाऊन काढत राहिलो, पार पेरण्यांपर्यंत.

पुढं त्यांचे प्रिंट काढले, प्रत्येकातून बोटभर रुंदीची उभी पट्टी कापली आणि तारखेच्या क्रमानं पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवल्या. पाडव्याची फिकट निळाई मे महिन्यात जवळजवळ पांढरी झालेली दिसते. हवेचे सूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, धुळीचे मोठे कण मात्र सगळेच रंग विखुरतात, त्यामुळं आभाळ विटतं. मृगाच्या सरींनी धूळ बसली की एकदम गर्द निळं. बाबांनी हे पाहिलं आणि एका पांढुरक्या पट्टीवर बोट ठेवलं, "अठी आपण धूळपेरणी केली व्हती." म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी. तारीख बरोबर होती! एकही सुंदर फोटो न निवडता हे चित्र झालं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

जिनेव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं 1789 मध्ये प्रशियन निळ्या रंगाच्या पन्नासहून जास्त छटांचं एक कागदी चक्र केलं होतं, आभाळाची निळाई मोजायला. म्हणजे हा नाद जुनाच आहे.

तुमचे फोटो वेगवेगळ्या दिशांचे असतील, तर क्षितिजाजवळचा भाग सोडून द्या. तिथलं आभाळ नेहमीच माथ्यावरच्यापेक्षा पांढुरकं असतं, तुलना फसते. एकाच वेळेचे, शक्यतो दुपारचे, फोटो निवडून बाजूला ठेवा. संध्याकाळचे लाल-केशरी यात घुसवू नका, त्यांचं वेगळं चित्र करा. ढगाळ, मळकट फोटो मुळीच गाळू नका.

आणि स्टुडिओत फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका. दर्जा घसरतो, वर काढल्याची तारीखही फाईलमधून निघून जाते. पेनड्राईव्हवर न्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मॅट कागद मागा, चकचकीत कागदावर उजेडाची तिरीप येते. मुख्य म्हणजे रंगांचं ऑटो करेक्शन बंद करायला लावा आणि छापताना समोर उभे राहा, नाहीतर मशीन तुमचा सगळा मे महिना निळा करून देईल.