पचनसंस्था पहिल्यांदा शिकवणारीला

अगं, फळ्यावर आकृती काढायच्या आधी पोरांना भाकरीचा कोरडा घास मिनिटभर चावायला लाव. गिळायचा नाही. हळूहळू गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर (अन्न फोडणारं एन्झाइम) पिष्टाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

जठरावर फार वेळ घालवू नकोस. आम्ल, प्रथिनांच्या पचनाची सुरुवात, घासाची लापशी, झालं! खरा कारभार लहान आतड्यात. लांबी साधारण 6 मीटर; तेवढी सुतळी घेऊन जा आणि वर्गात उलगड, पोरं तोंडात बोटं घालतात. स्वादुपिंडाचा रस आणि पित्त दोन्ही आतड्याच्या सुरुवातीलाच येऊन मिळतात. पित्तात पाचक विकर नसतं, ते चरबीचे बारीक थेंब करतं, म्हणजे विकरांना काम सोपं. शिवाय पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशयात नुसतं साठतं. उत्तरपत्रिकेत हमखास इथेच घोळ होतो, म्हणून दोनदा सांग.

मोठ्या आतड्याशी आलीस की वर्ग खिदळणार. खिदळू दे. उरलंसुरलं पाणी तिथे शोषलं जातं एवढं सांग, आणि जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का देतात ते त्यांनाच विचार.