पहिल्या महायुद्धातल्या कविता वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

विल्फ्रेड ओवेन या इंग्रज सैनिक-कवीपासून. मात्र पोवाड्यासारखा वीररस शोधायला जाणार असाल तर हाती काही लागणार नाही.

त्याची ‘फ्युटिलिटी’ आधी वाचा. जेमतेम 14 ओळी. बर्फात एक सैनिक मरून पडलाय आणि सोबती म्हणतोय, याला जरा उन्हात सरकवा. का, तर गावी शेतं पेरायची असायची तेव्हा हेच ऊन त्याला हलकेच उठवायचं, अगदी फ्रान्समध्येही रोज उठवायचं. आज उठवत नाही, एवढंच. शत्रू नाही, तोफ नाही, झेंडाही नाही. मग कवी विचारतो, असंच व्हायचं होतं तर सूर्याने ही माती मुळात जागी केलीच कशाला? मला तर त्याच्या विषारी वायूवरच्या प्रसिद्ध कवितेपेक्षा ही जास्त लागते.

ओवेन स्वतः 4 नोव्हेंबर 1918 रोजी उत्तर फ्रान्समध्ये कालवा ओलांडताना मारला गेला. वय 25. बरोबर सात दिवसांनी युद्ध थांबलं आणि घरी तार पोहोचली तीही 11 नोव्हेंबरलाच, गावात विजयाच्या घंटा वाजत असताना. हयातीत त्याच्या पाचेकच कविता छापून आल्या होत्या.

जाता जाता एक गोष्ट. त्याच्या खिशातल्या वहीत रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’तल्या निरोपाच्या ओळी उतरवलेल्या होत्या. त्याच्या आईने 1920 मध्ये रवींद्रनाथांनाच पत्र लिहून त्या कोणत्या पुस्तकातल्या, हे विचारलं होतं.