एफडी मोडण्याआधी बॅटरीचं झाकण उघडा

मुलुंडहून एका वाचकांचं पत्र आलंय. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून त्यांनी दोन सहा आसनी गोल्फ कार्ट घेतल्या आणि टेकडीवरच्या एका मोठ्या सोसायटीला ड्रायव्हरसकट भाड्याने दिल्या. गेटपासून इमारतींपर्यंत ज्येष्ठांची ने-आण. खर्च वजा जाता एका कार्टमागे महिन्याला ९,००० सुटतात, कराराचे १७ महिने उरलेत. पण २६ महिन्यांतच एका कार्टच्या सहापैकी दोन बॅटऱ्या बसल्या. शिवाय चार्जिंगच्या वेळी ॲसिड उतू जाऊन बेसमेंटची फरशी खाल्ली, म्हणून सोसायटीने बिलातून ९,००० कापले. डीलर म्हणतो, लिथियम टाका, चार्जरसकट १,८५,०००. मार्चच्या आत घेतलंत तर करही वाचेल. साध्या सहा बॅटऱ्यांचा सेट ८१,०००, जुनी परत दिली की नगामागे २,००० कमी. 'मुलीच्या फीसाठी ठेवलेली चार लाखांची एफडी आठ महिन्यांनी सुटणार आहे, ती मोडू का? की दोनच बॅटऱ्या बदलू?'

नमस्कार. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महागाचं वाक्य हे वाटलं: 'ड्रायव्हर प्रामाणिक आहे, रात्री नऊला जाताना चोवीसही भोकांत काठोकाठ पाणी भरतो आणि मगच चार्जर लावतो.' पोरगा प्रामाणिकच आहे, पण तुमचं ॲसिड त्यानेच सांडवलंय. दिवसभर चाललेल्या बॅटरीत पातळी खाली गेलेली असते. चार्जिंग सुरू झालं की आतला द्रव फुगतो, शेवटी शेवटी गॅसचे बुडबुडे येतात आणि काठोकाठ भरलेलं बाहेर येतं. बाहेर येतं ते नुसतं पाणी नव्हे, ॲसिड. दुसऱ्या रात्री तो पुन्हा पाणी घालतो. असं करत करत आतलं ॲसिड पातळ होत गेलं, आणि बाहेरच्याने ट्रे आणि फरशी खाल्ली.

रीत उलटी आहे. आधी पूर्ण चार्ज, मग पाणी. चार्जिंगआधी फक्त झाकण उघडून बघायचं. आतल्या शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच घालायचं. चार्ज झाल्यावर झाकणाखालच्या नळीच्या खालच्या टोकाच्या साधारण ६ मिलिमीटर खाली थांबायचं. पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडे एसीच्या नळीचं पाणी साठवून इन्व्हर्टरला घालायची फार हौस आहे. पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं, तुमच्या धंद्याच्या बॅटरीत नको. आणि पातळी कमी दिसली म्हणून ॲसिड तर कधीच ओतू नका.

आता हे पैशांत मांडू. जुना सगळा सेट परत दिला तर नवा ६९,०००ला पडतो. २६ महिन्यांत संपला म्हणजे महिन्याला सुमारे २,६५०. नीट राखलेला सेट चार वर्षं जाऊ शकतो, तेव्हा हाच आकडा १,४४०च्या आसपास येतो. फरक महिन्याला १,२०० रुपये, तोही एका कार्टमागे. ड्रायव्हरला या कामाचे वेगळे ५०० द्या, सकाळी अर्धा तास लवकर बोलवा, हातमोजे आणि चष्मा घेऊन द्या. तरीही तुम्ही फायद्यात.

लिथियम वाईट नाही. पाणी नाही, ॲसिड नाही, आयुष्यही जास्त. पण १,८५,००० भागिले उरलेले १७ महिने म्हणजे महिन्याला जवळपास १०,९००, आणि कार्टमागे सुटतात ९,०००. करार संपल्यावरही बॅटरी चालेल हे खरं, पण ती कुठे चालवणार? सोसायटीने पाच वर्षांचा करार लेखी दिला तर हाच हिशेब मी उलटा मांडीन. कराचं म्हणाल, तर तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठराविक टक्का हेच उत्पन्न धरायचं) रिटर्न भरता असं लिहिलंय. त्यात घसारा, म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याची वजावट, आधीच धरलेला असतो, त्यामुळे लिथियम घेतलंत म्हणून वेगळी वजावट मिळणार नाही. डीलरला हे माहीत नसेल किंवा माहीत असूनही बोलला असेल.

दोनच बदलायच्या नाहीत. सहाही एका ओळीत जोडलेल्या असतात. जुन्या चार नव्या दोघींना आपल्याबरोबर खाली ओढतात. पूर्ण सेट घ्या. मात्र जुन्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन परत देऊ नका. दुसऱ्या कार्टच्या बॅटऱ्या त्याच वयाच्या, त्याच कंपनीच्या आहेत; तिथे एखादी बसली तर या उपयोगी पडतील. म्हणजे खर्च ७३,०००.

तेवढ्यासाठी एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की जेवढे दिवस ठेवली तेवढ्याचाच दर मिळतो, त्यातूनही बँका बहुधा दंड कापतात. तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त, पण फक्त वापरलेल्या रकमेवर. साडेआठ टक्के धरलं तर पहिल्या महिन्याचं व्याज ५१७ रुपये, पुढे उतरत जाणारं. दोन कार्टचे मिळून १८,००० सुटतात, त्यातले १०,००० दरमहा भरलेत तर एफडी सुटण्याआधी खातं मोकळं होईल आणि मुलीच्या फीला धक्का लागणार नाही.

ट्रेमध्ये आणि टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या. झाकणं घट्ट बंद ठेवून, सोडा आत जाता कामा नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून बेसमेंटचा पंखा चालू असायलाच हवा. हे सोसायटीला पत्राने कळवा. कापलेल्या ९,०००बद्दल बोलायलाही त्यामुळे तोंड राहील.

आज रात्री दुसऱ्या कार्टमध्ये पाणी घालू नका, फक्त प्लेटा बुडालेल्या आहेत ना एवढं बघा. सकाळी चार्जर काढल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि हायड्रोमीटरने (ॲसिड किती दाट आहे ते मोजायचं साधन) चोवीसही खान्यांची ग्रॅव्हिटी, म्हणजे तो दाटपणाचा आकडा, वहीत लिहा. १२६५ ते १२८० असेल तर बॅटरी ठणठणीत. एखादाच खाना बाकीच्यांपेक्षा ५० ने खाली असेल, तर डीलरला फोन करण्याआधी ते पान मला पाठवा.